एक मागे

"एक मागे."

हे दोन शब्द म्हणताना मॅडम उजव्या हाताची तर्जनी किंचित वाकवायच्या, सुईतून दोरा अलगद ओढून घ्यावा तशी. मी व्हीसीआरचं गोल बटण एका चित्राने मागे फिरवायचो. पडद्यावरचा बगळा बोटभर खाली यायचा. त्या खुर्चीतून पुढे वाकून बघायच्या, आणि मग परत बोट वाकायचं. "अजून एक मागे."

धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत माझं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. नव्वदीनंतरचे दिवस. माझ्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक 'पुढे घ्या' म्हणायचं. अक्षता झाल्या, पुढे घ्या. जेवणावळ, पुढे घ्या. नवरीच्या मामाचं भाषण, अहो, पुढे घ्या ना. मागे घ्या म्हणणारं माणूस मला त्या सगळ्या वर्षांत एकच भेटलं.

तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणारी, पन्नाशीला टेकलेली, लग्न न झालेली, फिक्या रंगाच्या सुती साड्या नेसणारी. तिच्याविषयी सगळ्यांना थोडं थोडं ठाऊक असतं, पूर्ण कुणालाच नसतं. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. नावाने हाक मारणारं त्यांच्या घरीही कुणी नव्हतं, हे मला पुढे कळलं.

पहिल्यांदा त्या दुकानात आल्या तेव्हा मी सवयीने वही ओढली आणि विचारलं, "कुणाचं लग्न?"

"लग्न नाही. बगळ्याचं शूटिंग करायचंय."

मी म्हटलं, "कोण बगळे? साक्रीचे का?" आमच्याकडे आडनावं कसलीही असतात.

त्या हसल्या नाहीत. "पांझरेत बसतात ते. उडताना हवाय. एकच उड्डाण, पण जमिनीवरून पाय सुटतो तिथपासून."

सीझन नव्हता, कॅमेरा रिकामाच होता. मी गेलो. सकाळी पांझरेच्या पात्रात आम्ही दोघं कॅमेऱ्याचं तिकाटणं लावून उभे. पाणी नावापुरतं, बाजूला धुणं धुणाऱ्या बाया, आणि एका डबक्यात एक बगळा, तोही असा निवांत की त्याला उडायचं असतं हेच तो विसरला होता. मी म्हटलं, दगड मारतो. त्या एकदम म्हणाल्या, "नको. घाबरून उडाला तर ते घाबरणं येईल त्यात." मग आम्ही वाट बघितली. ऊन चढलं. बाया धुणं आटपून गेल्या. शेवटी बगळ्याच्या मनात आलं तेव्हा तो उडाला. चहाचा घोट गिळायला लागतो तेवढा वेळ.

"झालं," मॅडम म्हणाल्या. "चला."

एवढ्याशा तुकड्यासाठी त्या पुढे कितीतरी रविवार माझ्या दुकानात बसल्या.

व्हिडिओत एका सेकंदाला पंचवीस चित्रं असतात. मॅडम पडद्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद चिकटवायच्या आणि थांबलेल्या बगळ्याची बाह्यरेषा पेनने उतरवायच्या. मग दुसरा कागद, दुसरं चित्र. हे कशासाठी, ते मला समजेना. एकदा त्यांनी सगळे कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. एकाच बगळ्याचे पंख वर जाताना, खाली येताना, पुन्हा वर जाताना, सगळे एकदम दिसले. पण तो बगळा नव्हता. बगळ्याने हवेत जी जागा वापरली होती, ती दिसत होती.

"हे मला हातात धरता आलं पाहिजे," त्या म्हणाल्या.

अडचण अशी होती की कागद हलायचे. व्हीसीआरवर चित्र फार वेळ धरून ठेवलं की ते थरथरायचं, आणि फीत घासून मशीनचं हेड जाईल म्हणून माझा जीव वरखाली व्हायचा. त्याच सुमारास मी कॉम्प्युटर घेतला होता. घेतला होता तो कॅसेटवर बदाम, फुलं आणि 'शुभविवाह' टाकण्यासाठी. पण त्यात एक कार्ड होतं, व्हिडिओतलं चित्र त्यातून कॉम्प्युटरमध्ये उतरायचं. एकदा उतरलं की ते हलत नाही, मोठंलहान होत नाही. मॅडमना हे दाखवलं तेव्हा त्या खुर्ची ओढून पडद्याजवळ गेल्या, आणि पहिल्यांदाच मला 'भाऊ' म्हणाल्या. "भाऊ, याला आधी का नाही आणलं?"

माऊस त्यांनी पहिल्यांदा हातात घेतला तो कोंबडीचं पिल्लू घ्यावं तसा, दोन्ही हातांनी. मग शिकल्या. एकेका चित्रावर पंखाच्या कडेने ठिपके देत जायच्या, कॉम्प्युटर ते जोडून रेषा काढायचा, आणि प्रिंटर करकरत ती रेषा कागदावर उतरवायचा. तो कागद पातळ प्लायवर चिकटवून सुताराकडून कापून घ्यायचा. मग सगळे तुकडे क्रमाने एकाला एक चिकटवायचे. पहिला तुकडा म्हणजे पाय सुटला तो क्षण, शेवटचा तुकडा म्हणजे बगळा चौकटीबाहेर गेला तो. मधल्या जाडीत सगळं उड्डाण.

तयार झालं तेव्हा सुताराने ते हातात फिरवून बघितलं आणि मनापासून म्हणाला, "मॅडम, केळीचा घड एक नंबर झालाय."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "चला, निदान जिवंत वस्तू तरी वाटली."

शाळेत त्यांनी ते स्टाफरूमच्या टेबलावर नेऊन ठेवलं. आठवडाभरात कुणीतरी त्याच्या खाचांत पेन खोचायला सुरुवात केली. मॅडमनी पेनं काढली नाहीत. मला सांगताना एवढंच म्हणाल्या, "उपयोग झाला."

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो प्रिंटचे कागद द्यायला. जुन्या धुळ्यात दोन खोल्या आणि मागे अंगण. घरात त्या आणि त्यांची आई. आईला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्का म्हणू लागलो. उंच, काटक बाई. नऊवारीचा काचा मारलेला, सत्तरीतही पाठ ताठ. अक्कांनी चहा केला, कप माझ्या हातात दिला, दुसरा कप ओट्यावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "भाऊ, तिले सांग, चहा थंडा व्हई ऱ्हायना."

मॅडम माझ्यापासून दोन हातांवर बसल्या होत्या. मी गोंधळून त्यांच्याकडे बघितलं.

"सांगा, घेते म्हणून," मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं, आज काही कुरबुर झाली असेल. पण पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्या वेळीही. मी जात राहिलो तसा मी त्या घराचा टपालवाला झालो. मी नसलो की काम शेजारच्या मांजरीकडे असायचं. एकदा दारातच मी ऐकलं, अक्का तिला सांगत होत्या, "मांजरबाई, भाकर झाकी ठेवेल शे." आणि आतल्या खोलीतून मॅडम, मांजरीलाच, "शाळेतून आल्यावर खाईन." मला हसू आलं. मग लक्षात आलं की मांजर केव्हाच निघून गेली होती.

दोघी एका वेळी जेवत नसत. अक्का लवकर जेवून घ्यायच्या. मॅडम उशिरा, झाकलेलं, थंड.

हे कशामुळे, ते मला अक्कांनीच सांगितलं. मॅडम शाळेत होत्या, मी कागद ठेवायला गेलो होतो. अंगणात उभा असताना पायाखाली काही पांढरं दिसलं. मातीत घट्ट बसलेले पांढरे तुकडे, सगळ्या अंगणभर. एक तर हुबेहूब पायाचा अंगठा होता, नखासकट. मी वाकून बघतोय हे अक्कांनी पाहिलं.

"तिन्या बाहुल्या व्हत्यात," त्या म्हणाल्या. "बडोदाथीन आनेल. पांढऱ्या. पावसाळामा आंगनमा चिखल व्हये, मन्हा पाय घसरे. मी कुटीसन भरी दिध्यात." कुटून अंगणात भरून टाकल्या होत्या.

मॅडम तरुणपणी बडोद्याला शिल्पकला शिकल्या होत्या. तिथेच राहायचा, एका स्टुडिओत काम करायचा त्यांचा विचार होता. वडील आजारी पडले, 'आठ दिवस येऊन जा' म्हणून निरोप गेला, त्या आल्या. वडील बरे झाले नाहीत, लवकर गेलेही नाहीत, अंथरुणात काही वर्षं काढली. तोवर शाळेची नोकरी लागली, बडोदा मागे पडलं. तिकडून आणलेली प्लास्टरची शिल्पं खोलीच्या कोपऱ्यात पोत्याखाली होती. वडील गेल्यानंतरच्या पावसाळ्यात एका दुपारी मॅडम शाळेतून आल्या, तर अंगण कोरडं, स्वच्छ, पांढरं झालेलं. आई दारात उभी, चांगलं काम केल्याच्या चेहऱ्याने.

मॅडम ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. आईशी बोलायच्या थांबल्या.

"माले काय माहीत," अक्का मला म्हणाल्या, "तिना जीव तेमा शे?" आणि परातीतले गहू निवडू लागल्या. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, म्हणाल्या, "माले इचारी तरी. वरडी तरी. काहीच नही."

त्यानंतरच्या चैत्रात एका रविवारी मॅडम दुकानात आल्या, पण त्यांनी कॉम्प्युटर सुरू करू दिला नाही. समोर बसून म्हणाल्या, "आखाजीला तुम्ही मोकळे आहात का?"

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात ती दिवाळीपेक्षा मोठी. लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि घरोघरी आमरस आणि मांडे. मी सहज विचारलं, "पाहुणे येणार आहेत का?"

"आमच्याकडे कोण येणार? लेक माहेरी यायला ती आधी कुठेतरी गेलेली असावी लागते." मग पर्स उघडली, मिटली. "आईचे हात घ्यायचे आहेत. मांडे करताना. तिला तुम्ही विचारा."

मांडे कसे करतात, तुम्ही पाहिलंच असेल, पण खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. पुरण भरलेल्या कणकेच्या उंड्याला पोळपाट-लाटणं लावायचं नाही. तो हातांवर घ्यायचा आणि हातांवरच वाढवायचा. तळव्यांवरून मनगटांवर, मनगटांवरून कोपरापर्यंत, फिरवत, झेलत. पोळी पातळ होत रुमालासारखी पसरते. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर एका झोक्यात टाकायची. अक्कांच्या मांड्यांना गल्लीत नाव होतं. लग्नघरांतून त्यांना बोलावणं यायचं.

मी विचारलं तेव्हा अक्का तोंडाला पदर लावून हसल्या. "मन्हा फोटो? मी काय नवरी शे?"

म्हटलं, "अक्का, चेहरा नाही, फक्त हात. वाटलं तर पिठाशिवाय नुसते हात फिरवा, चूलसुद्धा नको."

"पीठ नही ते हात कसा चाली?" त्यांना माझी कीव आली असावी.  मॅडम आतल्या खोलीत होत्या, दार उघडं होतं. अक्का आवाज थोडा चढवून म्हणाल्या, "करसू. पन तिले सांग, मांडा गरम खावो. मन्हाजोडे बशीसन."

करीन, पण तिने माझ्याजवळ बसून गरम खायचं. एवढीच अट.  बऱ्याच वेळाने मॅडम दारात आल्या आणि मला म्हणाल्या, "सांगा, बसेन."

आखाजीच्या सकाळी मी कॅमेरा घेऊन गेलो. चूल त्या पांढऱ्या अंगणातच पेटवली होती. शेजारच्या निंबाला पोरींनी झोका बांधला होता, त्यांची गाणी भिंतीवरून येत होती. मी कॅमेरा अगदी जवळ लावला, चौकटीत फक्त कोपरापासून पुढचे हात. मॅडम पलीकडे थर्मोकोलचा पांढरा पत्रा धरून उभ्या राहिल्या, उजेड आईच्या हातांवर पडावा म्हणून. एकीकडे चूल, वरून वैशाखाचं ऊन, आणि त्या दंड न हलवता उभ्या.

पहिले मांडे नेहमीसारखे झाले. नंतरचा एक उंडा अक्कांनी हातांवर घेतला, फिरवायला लागल्या, आणि मध्येच हात थांबले. पीठ कोपराकडून लोंबायला लागलं. मला वाटलं, फाटणार. मग हात पुन्हा चालू लागले आणि पोळी खापरावर गेली. मी कॅमेऱ्याच्या भिंगात बघत होतो, मला हातांपलीकडचं काही दिसत नव्हतं.

काम झाल्यावर मॅडम चुलीजवळ पाटावर बसल्या. अक्कांनी मांडा घडी करून त्यांच्या ताटात वाढला, वर तूप सोडलं. मॅडमनी तुकडा मोडला, तो भाजला, त्यांनी बोटं झटकली आणि तोंडात घातला. अक्का त्यांच्याकडे न बघता पुढचा उंडा करत होत्या. कुणी काही बोललं नाही. मांजरीलाही नाही. मी माझा आमरस संपवला आणि सामान आवरून निघालो.

पावसाळा लागला आणि अक्कांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, पाय ओढू लागला, बोलणं जड झालं. मॅडमनी रजा काढली. मी भेटायला गेलो तेव्हा त्या आईला चमच्याने पेज भरवत होत्या, दोघी अजून गप्पच. आता निरोप द्यायला अक्कांकडे नीट शब्दही नव्हते.

रजा संपून शाळेत रुजू झाल्यावर एका रविवारी मॅडम दुकानात आल्या. छत्री कोपऱ्यात टेकवली आणि म्हणाल्या, "हात काढा."

ते काम दिवाळीच्या पुढेपर्यंत चाललं. शेजारची बाई दोन तास अक्कांजवळ बसायची, तेवढ्यात मॅडम जेवढे ठिपके देता येतील तेवढे द्यायच्या. सगळी चित्रं घ्यायची गरज नव्हती, मधली काही सोडून आम्ही घेत होतो. उंडा मोठा होत होता, हात दूर जात होते, आणि मॅडमची मान पडद्याकडे अशी झुकलेली असायची की त्यांना कुणी हाक मारली असती तर ती ऐकू गेली नसती.

त्यांना हवा होता तो नेमका हात थांबलेलाच मांडा, कारण त्यात पीठ सगळ्यात मोठं झालं होतं. पण त्या थांबण्याने घोळ होत होता. तेवढ्या वेळातली सगळी चित्रं एकसारखी. प्लायचे तुकडे चिकटवले की लाटेसारख्या आकारात मध्येच चार बोटं सपाट पट्टा येणार. मी म्हटलं, "मॅडम, एवढी चित्रं उडवून टाकू. आधीचं आणि नंतरचं बेमालूम जुळतंय, कुणाला कळणारही नाही."

त्यांना ते पटलं. उडवायला मी बटणाकडे हात नेला, तशी त्यांनी बोट वाकवलं.  उठून छत्री घेतली. दारातून म्हणाल्या, "राहू द्या. ती थांबली होती तर थांबली होती."

शिल्प झालं ते दोन हात लांब. एका टोकाला दोन मुठी, जवळजवळ. तिथून आकार उघडत जायचा, वळत, कडांना घड्या पडत, मग तो सपाट पट्टा, आणि पुढे एकदम मोठी फेक. सुताराने यावेळी कशाचंच नाव घेतलं नाही. पॉलिशचे पैसे घेणार नाही म्हणाला.

मॅडमनी मला सोबत बोलावलं. आम्ही ते अक्कांच्या खाटेवर, त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलं. मॅडम पायथ्याशी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "अक्का, हे तुमचे हात. आखाजीचे."

 अक्कांनी डावा हात उचलून मुठींवर ठेवला आणि तळवा हळूहळू पुढे नेला. घड्यांवरून, वळणांवरून. त्यांचा खांदा तळव्याबरोबर थोडा थोडा फिरत होता. सपाट पट्ट्यावर आल्यावर तळवा थांबला. त्या पट्ट्यावर त्यांनी बोटं दोनदा आपटली. ओठ हलले. शब्द जुळवायला वेळ लागला.

"आठे..." त्या म्हणाल्या, "आठे मी तुले देखं."

इथे मी तुला पाहिलं. माझ्याकडे नाही, मॅडमकडे बघून म्हणाल्या. टपालवाल्याशिवाय.

मॅडमनी खाटेची कड धरली. मी तिथून निघायला हवं होतं, पण दार त्यांच्या मागे होतं.

"माले?" त्या म्हणाल्या. "कसाले?"

मी त्यांच्या तोंडून अहिराणी तोवर कधी ऐकली नव्हती. शाळेतली, दुकानातली त्यांची मराठी छापल्यासारखी असायची.

"बारीक," अक्का म्हणाल्या. "बारीक व्हई गयी व्हती तू."

मॅडम खाली जमिनीवरच बसल्या आणि त्यांनी कपाळ खाटेच्या पाटीला टेकवलं. अक्कांचा हात शिल्पावरून उठला आणि त्यांच्या केसांवर गेला. कुणी कुणाची माफी मागितली नाही. मी भिंतीच्या कडेने सरकत बाहेर आलो.

त्यानंतर अक्का फार दिवस राहिल्या नाहीत. थंडी पडली आणि त्या गेल्या. पण मधल्या त्या थोड्या दिवसांत गल्लीतून जाताना मला आतून बोलण्याचा आवाज यायचा. अक्कांचे तुटक शब्द आणि मॅडमची भरभर अहिराणी. काय बोलत होत्या, मला ठाऊक नाही. एकदा भाजीत मीठ जास्त झाल्यावरून चांगलं भांडण चाललं होतं, एवढं ऐकलं.

आई गेल्यावर मॅडम रविवारी येत, पण काम काढत नसत. मी लग्नाची कॅसेट मिक्स करत असलो की त्या मागच्या खुर्चीत बसून बघायच्या. कुणाकुणाची वरात, कुणाकुणाच्या विहिणी. एकदा मी म्हटलं, "चिमण्या घेऊ या का? नाहीतर झोका?" त्या म्हणाल्या, "बघू." पुढच्या महिन्यातही म्हणाल्या, "बघू." आखाजीची ती कॅसेट एकदा लावून बघायची म्हणाल्या. काढली, तर पावसाळ्यात फितीला बुरशी धरलेली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मी घाईने बंद करायला गेलो. "असू द्या," त्या म्हणाल्या, आणि त्या मुंग्यांकडे बघत बसल्या. मी दुसरं काम काढलं. फीत संपून मशीन आपोआप थांबलं, तेव्हा त्या उठल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत जळगावला चित्रकला शिक्षकांचं प्रदर्शन होतं. मुख्याध्यापिकांनी बळेच त्यांचं नाव पाठवलं. शिल्प एकटीला नेता येण्यासारखं नव्हतं, म्हणून मी सोबत गेलो. एका शाळेच्या हॉलमध्ये सगळीकडे निसर्गचित्रं, अजिंठ्याच्या राण्या, आणि कोपऱ्यात एका टेबलावर हे. खाली त्यांनी पाटीवर फक्त 'हात' लिहिलं होतं. लोक यायचे, पाटी वाचायचे, शिल्पाकडे बघायचे, पुन्हा पाटीकडे. कुणी शिंपला म्हणालं, कुणी कोबी. एका गृहस्थांनी बराच विचार करून 'पाण्याचा पाट' म्हटलं. मॅडम शेजारी खुर्चीत बसून होत्या. कुणालाही काही सांगत नव्हत्या.

शेवटच्या दिवशी दुपारी फैजपूरकडचं एक जोडपं आलं. चित्रं बघायला नव्हे. नवरा केळी घेऊन टेम्पोने जळगावला आला होता, बायकोला बाजार करायचा होता, आणि ऊन इतकं होतं की पंखे दिसले म्हणून दोघं आत शिरली. नवरा पंख्याखाली बसला. बाई पिशव्या सांभाळत भिंतीच्या कडेने चालत आली आणि टेबलापाशी थांबली. पाटी तिने वाचली नाही. थोडा वेळ बघितलं. मग पिशव्या खाली ठेवल्या, पदर कमरेला खोचला, दोन्ही हात कोपरापर्यंत समोर घेतले आणि हवेतच फिरवायला लागली. तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर.

"माय वं," ती म्हणाली, "हे त मांडे!"

मॅडम उभ्या राहिल्या.

"कोनाचे हात?" बाईने विचारलं.

"माझ्या आईचे."

बाईने शिल्पाच्या मोठ्या टोकावर आपला हात आडवा ठेवून बघितला. "लांब हात होते तुमच्या मायचे. मोठ्ठा मांडा येत असंल."

"हो," मॅडम म्हणाल्या. "लांब होते." आणि मग, जणू दुकानात बाकी परत करतायत इतक्या साधेपणाने, "तुम्ही घेऊन जा हे."

बाईला कळेना. नवरा पंख्याखालून उठून आला. "आमी कुठी ठेवू हे, मॅडम? आमचं शेतकऱ्याचं घर."

"चुलीजवळ ठेवा. ओलं होऊ देऊ नका."

मी मध्ये पडलो, पण त्यांनी मला हातानेच थांबवलं. टेम्पोत केळीची वाळलेली पानं होती, त्यांवर शिल्प ठेवलं. बाई पुढे नवऱ्याशेजारी न बसता मागे शिल्पाजवळ बसली, एक हात त्यावर टाकून. टेम्पो वळून दिसेनासा झाला तरी मॅडम रस्त्यावर उभ्या होत्या, डोक्यावर पदरही न घेता.

"एवढं केलं आणि देऊन टाकलं?" मी म्हटलं. मला राग आला होता, खरं तर.

"घरी कुणाला दाखवू, भाऊ?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चहा आणता का? थोडं बसू."

मी कोपऱ्यावरून दोन ग्लास घेऊन आलो तेव्हा त्या नव्हत्या. हॉलच्या राखणदाराने सांगितलं, मॅडम स्टँडकडे गेल्या, रिक्षा थांबवतो म्हटलं तर चालत जाते म्हणाल्या. मी पायरीवर बसून आधी माझा चहा प्यायलो. त्यांचा निवेपर्यंत वाट बघितली.

जूनमध्ये मुलींच्या शाळेत एका निरोप समारंभाचं शूटिंग होतं. तिथे शिपायाला विचारलं, मॅडम दिसत नाहीत? तो खुर्च्या लावत होता. म्हणाला, त्यांनी सुट्टीतच राजीनामा पाठवला, खोल्या सोडल्या, बडोद्याला गेल्या बहुतेक.

त्यांचा माझ्याकडे असलेला पत्ता अजून तेवढाच आहे. बडोदा, बहुतेक.